चाळीस लुअर, शून्य मासे: रॅरिटन बेमधल्या एका नवख्या कयाकवाल्याचं प्रकरण

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो. २०२४ च्या गुढीपाडव्याला मुहूर्त बघून त्याने सेकंडहँड कयाक घेतली, बारा फुटी, वर बसायची सिट-ऑन-टॉप, आणि वल्ह्याची, पायाने पेडल मारायची नाही. हे वल्ह्याचं लक्षात ठेवा, पुढे सगळं घोडं तिथेच अडलंय. पाडव्यापासून पुढच्या अडीच आठवड्यांत चार वेळा रॅरिटन बेमध्ये स्ट्राइप्ड बास (अंगावर पट्टे असलेला मासा, बोलताना सगळे स्ट्राइपरच म्हणतात) गरवायला गेला आणि चारही वेळा हात हलवत परत. तिसऱ्या वेळी तर हात हलवत पण नाही, अंगठ्यात गळ घेऊन. तीन-तीन टोकांचे तीन गळ असलेला प्लग, म्हणजे माशासारखा दिसणारा लुअर (खोटं आमिष), नायलॉनच्या जाळीत अडकला, तो सोडवताना लाटेने कयाक हलली आणि गेलं एक टोक आत. मासा नव्हताच, रक्त फक्त ह्याचं.

चौथ्या फेरीनंतर त्याचा फोन. "दादा, मासे आहेत ना रे तिथे नक्की?"

मासे होते, ह्याबद्दल शंकाच नको. स्ट्राइपर समुद्रात राहतो आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो, आपल्या जिताड्याच्या बरोब्बर उलट, कारण जिताडा वाढतो आत आणि अंडी घालायला खाली खाऱ्यात उतरतो. हडसन नदी ही स्ट्राइपरची मोठी अंडी घालायची जागा, आणि रॅरिटन बे तिच्या तोंडाशीच, स्टॅटन आयलंड आणि न्यू जर्सीच्या मध्ये. खाडी उथळ, तळाला काळा चिखल, त्यामुळे उन्हाने बाहेरच्या समुद्राच्या आधी तापते आणि मार्चच्या शेवटापासूनच तिथे मासा खायला लागतो. एप्रिल-मे मध्ये बंकर येतो, म्हणजे मेनहेडन, आपल्या तारलीच्या जातकुळीतला पण चांगला हातभर तेलकट मासा, आणि त्याच्या मागे मोठे स्ट्राइपर. म्हणजे भावाची जागा पण बरोबर होती आणि महिना पण.

मग मी त्याला म्हटलं डबा घेऊन घरी ये.

डबा उघडला आणि मी गप्पच झालो. चाळीस लुअर मोजले, चारशे डॉलरच्या वर गेले असणार. त्यात तीन आणि चार औंसाचे जिग होते, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास शिसं, कारण ह्याने केप कॉड कॅनॉलचे व्हिडिओ बघितलेले. आता कॅनॉल मॅसॅच्युसेट्समध्ये, तिथे पाण्याला चार-चार नॉट ओढ असते आणि लोक काठावर उभं राहून खोल पाण्यात टाकतात, तिथे तेवढं वजन लागतंच. आमच्या इथे आठ-दहा फूट पाणी. चार औंस टाकलं की ते चिखलात खुंटीसारखं रुतून बसतं. दुसऱ्या कप्प्यात मोठे लाकडी प्लग, ते न्यू यॉर्ककडच्या मॉन्टॉकच्या खडकांवर रात्री दहा-अकरा फुटी रॉडने फेकणाऱ्यांचे. मोठमोठे चमचे, म्हणजे चकचकीत पत्र्याचे लुअर, पण होते, ते चालतात, पण बंकरचा थवा खोल पाण्यात असेल आणि आपण बरोब्बर त्याच्या डोक्यावर असू तेव्हा. आणि ह्या सगळ्यासाठी रॉड दहा फुटी! दुकानदाराने स्ट्राइपर म्हटल्यावर सर्फ रॉड (काठावरून लांब फेकायचा) दिला, कयाकबद्दल विचारलंच नाही, आणि ह्याने सांगितलं पण नाही.

दहा फुटी रॉड घेऊन कयाकमध्ये बसलं की मासा जवळ आणताच येत नाही हे लोकांना बसल्याशिवाय कळत नाही. रॉड उभा केला की लाइन तुमच्यापासून लांबच लोंबकळते, हात पोचत नाही, आणि पोचायला गेलात की पाण्यात. सात फुटी पुरतो. तेवढा पाहिजे मात्र, कारण मासा कयाकच्या नाकाखालून पलीकडे गेला तर रॉडचं टोक त्या नाकावरून फिरवता आलं पाहिजे.

मला जे दिसलं ते असं की त्याने प्रत्येक लुअर मासा बघून निवडला होता. हे बंकरसारखं दिसतं, हे ईलसारखं. कयाकवर नवीन माणसाने आधी स्वतःचे हात मोजायचे. वल्ह्याच्या कयाकमध्ये दोन्ही हात वल्ह्यात, वल्हं ठेवून रॉड घेतला की वारं तुम्हाला नेतं, रॉड ठेवून वल्हं घेतलं की लुअर मेला. पेडलवाल्याचे हात मोकळे असतात, तो गमजा करू शकतो. म्हणून वल्हेवाल्याला एक लुअर असा पाहिजे जो वल्हं मारताना स्वतःच काम करतो, आणि एक असा जो वाहत जाताना काम करतो. बास. तिसरा मे महिन्यात, त्याचं पुढे सांगतो.

भाऊ म्हणाला, "एवढंच? मग ह्या बाकीच्याचं काय करू?" मी म्हटलं गॅरेजमध्ये ठेव आणि किल्ली माझ्याकडे दे.

पहिला लुअर म्हणजे ट्यूब. दिसायला इतका फालतू की ह्याला वाटलं मी चेष्टा करतोय. दीड-दोन फुटाची रबरी नळी, लाल किंवा मरून, थोडी वाकडी, मागच्या टोकाला एक गळ, आणि त्या गळाला सँडवर्मचा तुकडा, म्हणजे दुकानात मिळणारा समुद्री किडा (जपून, तो चावतो, तोंडाशी चिमटे असतात). पाण्यातून हळू ओढली की ती नळी स्क्रूसारखी गिरक्या घेत जाते. हिचं वैशिष्ट्य हे की ती ताशी दोन-सव्वादोन मैलालाच नीट चालते, आणि आरामात वल्हं मारणाऱ्या माणसाचा वेग साधारण तेवढाच. मोटरबोटवाले हा वेग धरायला धडपडतात, आपल्याला तो फुकट मिळतो. कायद्याची एक बारीक गोष्ट पण ह्यात आहे. २०२१ पासून स्ट्राइपरसाठी खरं आमिष लावलं तर सर्कल हुकच (टोक आत वळलेला गोल गळ) वापरावा लागतो, पण लुअरला जोडलेल्या आमिषाला त्यातून सूट आहे, आणि ती सूट आली तीच ह्या ट्यूबवाल्यांच्या ओरड्यामुळे.

दुसरा, पाच इंची रबरी पॅडलटेल (चपट्या हलत्या शेपटीचा रबरी मासा), अर्ध्या औंसाच्या, म्हणजे १४ ग्रॅमच्या, जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेला गळ). एकच गळ, वर तोंड केलेला, आणि त्याचं उलटं टोक पक्कडीने दाबून टाकलेलं. मांडीवर तडफडणारा आठ-दहा किलोचा मासा आणि तीन टोकाचे गळ हे एकाच कयाकमध्ये नको, अंगठ्याचा अनुभव होताच. रंग एक लिंबू आणि एक पांढरा, कारण रॅरिटनचं पाणी चहासारखं गढूळ, तिथे नाजूक रंगकाम मासा बघतच नाही. रॉड माझाच जुना सात फुटी दिला, ४००० चं रील, वीस पौंडी ब्रेड (विणलेली लाइन), पुढे तीन फूट तीस पौंडी फ्लूरोकार्बन (पारदर्शक लाइन). त्याने आधी स्टीलची तार लावलेली. स्ट्राइपरला कापणारे दात नसतातच, ओठ कानस लावल्यासारखे खरखरीत असतात इतकंच. दात असतात ते ब्लूफिशला, तो मे मध्ये येतो आणि पॅडलटेलची शेपटी अशी कापून नेतो की कात्रीने कापलीये म्हणाल, पण त्याच्यासाठी एप्रिलभर तार कशाला.

शनिवार, २७ एप्रिल. हनुमान जयंतीची पौर्णिमा मंगळवारी होऊन गेलेली, म्हणजे उधाण अजून पुरतं उतरलेलं नव्हतं, पाण्याला ओढ चांगली होती. भाऊ पेणचा, धरमतरच्या खाडीवर लहानपण गेलेलं, उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) हे त्याला आजोबांकडून माहीत, पण अमेरिकेत आल्यावर ते अ‍ॅपमध्ये असतं असं समजून डोक्यातून काढून टाकलेलं. मी म्हटलं अरे चंद्र तोच आहे. उधाणाला ओढ जास्त म्हणून जिगहेड जरा जड, भांगाला हलका, आजोबा पण गळाच्या दोरीचं शिसं असंच बदलायचे.

सकाळी सहाला खाडीच्या दक्षिण काठावरच्या कीपोर्टच्या बाजूने पाण्यात उतरलो, सूर्य नुकताच वर येत होता आणि सकाळभर पाणी भरतीचं. हवा छान, तो टीशर्टवर यायला निघालेला, मी ड्रायसूट घालायला लावला. पाणी ५२ फॅरनहाइट, म्हणजे ११ सेल्सियस. त्या पाण्यात पडलात तर आधी श्वासच अडकतो आणि काही मिनिटांत बोटं काम करायचं बंद करतात, कयाकवर परत चढणं विसरा. कपडे हवेसाठी नाही, पाण्यासाठी घालायचे. लाइफजॅकेट अंगात, शिट्टी गळ्यात, फोन वॉटरप्रूफ पिशवीत, व्हीएचएफ रेडिओ माझ्याकडे. आणि अजून एक, जे ह्या किनाऱ्याला फसवं आहे: दक्षिणेचं वारं असलं की काठाजवळ पाणी तुपासारखं सपाट दिसतं, कारण जमीन आड येते, पण तेच वारं तुम्हाला स्टॅटन आयलंडकडे ढकलत असतं आणि परत येताना तोंडावर बसतं. म्हणून दहापर्यंत परत फिरायचं असं ठरवूनच निघालो. जहाजांच्या चॅनलकडे तर जायचंच नाही, पर्थ अँबॉय बंदराकडे टँकर जातात आणि टँकरला कयाक दिसत नाही.

ट्यूब सोडताना वल्ह्याचे पंचवीस फटके मोजायला लावले, साधारण शंभर फूट लाइन जाते. रॉड होल्डर पाठीमागे होता तो पुढे, गुडघ्याजवळ घेतला, हा खरं तर त्या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा बदल. कारण ट्यूब नीट चालत असली की रॉडचं टोक एका ठेक्यात थरथरत राहतं, आणि ती थरथर थांबली की शेवाळ अडकलंय किंवा मासा मागे लागून चावतोय. पाठीमागे रॉड असला की हे दिसणारच नाही. आणि सरळ रेषेत जायचं नाही, नागमोडी जायचं, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला ट्यूब मंदावून खाली बसते आणि बाहेरच्या बाजूला वेग घेते, बरेच मासे ह्या बदलावरच घेतात.

पाऊण तास काही नाही. भाऊचं तोंड चौथ्या फेरीसारखं व्हायला लागलं. मग एका डाव्या वळणावर थरथर थांबली. तो रॉडला हात घालणार तेवढ्यात मी ओरडलो वल्हं मार, वल्हं मार, थांबू नको. कयाक पुढे जात असली की तिच्याच वजनाने गळ बसतो, झटका द्यायला गेलं की तोंडातून सुटतो. दोन फटके मारले आणि रॉड असा वाकला की होल्डरमधून निघेना.

पुढची सात-आठ मिनिटं म्हणजे गोंधळ. मासा बाजूला धावला, कयाकचं नाक त्याच्याकडे वळलं आणि बारा फुटी कयाक भावासकट माशाच्या मागे निघाली, अगदी नंदीबैल निघावा तशी. इथे नवीन माणूस हमखास एक चूक करतो आणि त्याने पण केली, लाइन जातेय बघून ड्रॅग (रीलचा ब्रेक) आवळायला लागला. आवळायचं काय कारण आहे? काठावर तुम्ही पक्के उभे असता, तिथे सगळा ब्रेक रीलने लावायचा असतो. कयाकवर होडीच ब्रेक आहे, मासा तिला ओढून ओढूनच दमतो. वीस पौंडी लाइनला पाच पौंड ड्रॅग खूप झाला. आवळलात तर एकतर गळ सरळ होईल, नाहीतर मासा बाजूला असताना कयाक कलेल. मी शेजारी येऊन फक्त दोनच गोष्टी म्हणत राहिलो, रॉडचं टोक नाकाकडे ठेव आणि डोकं कयाकच्या मधल्या रेषेच्या बाहेर नेऊ नको. दोन्ही पाय बाजूंनी पाण्यात सोडले तेव्हा कुठे त्याचं हलणं थांबलं.

मासा वर आला. आधी पाठीवरचे काटे, मग ती कुशी, रुपेरी, त्यावर सात-आठ काळ्या रेघा पट्टीने मारल्यासारख्या, आणि खांद्यापाशी जरा जांभळी झाक. भाऊने अंगठा खालच्या ओठात घातला (दुसरा, जखमवाला नाही) आणि मोजपट्टीवर ठेवला. तोंड बंद, शेपटी चिमटीत मिटून. ३३ इंच.

आणि आता गंमत. नियम २८ ते ३१ इंच. दिवसाला एक मासा, तो पण ह्या तीन इंचांतलाच, मे २०२३ मध्ये घाईघाईने हा वरचा आकडा खाली आणला कारण स्ट्राइपरची संख्या घटलीये आणि एका चांगल्या वर्षाची पिल्लं नेमकी ३१ च्या पुढे सरकत होती. भाऊने माझ्याकडे असं बघितलं की साहेबाला द्यायला नेलेला जिताडा कोणीतरी वाटेत काढून घेतलाय. सोडला. सोडताना पण नुसता टाकायचा नाही, ओठ धरून तोंड प्रवाहाकडे, तो स्वतः शेपटीचा फटका देतो तेव्हा सोडायचा. हिशेब करणारे धरतात की सोडलेल्या शंभरातले नऊ मरतातच, म्हणून फोटो एक, अल्बम नको.

मग पॅडलटेल. मी त्याला आधी म्हटलं तू चार वेळा कसं टाकत होतास ते दाखव. त्याने वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, म्हणजे आपण जिथून वाहत आलो तिकडे टाकलं. झालं, रोग सापडला. कयाक वाहतेय पुढे, लुअर मागे, म्हणजे कयाकच लुअरला ओढतेय, आणि १४ ग्रॅमचं ते खाली बसायच्या ऐवजी वर तरंगत येतं. थंड पाण्यात मासा तळाला सुस्त पडलेला, तो कशाला वर येईल. उलट करायचं, जिकडे वाहत चाललोय तिकडे, जरा तिरपं टाकायचं. लुअर सरळ बुडतो, आपण त्याच्याकडे जातो, फक्त ढिली लाइन गुंडाळत राहायची. टाकल्यावर मोजायचं, चार-पाचला तळाला टप् असं हाताला कळलं पाहिजे. सातपर्यंत कळलं नाही तर पाऊण औंस लाव, प्रत्येक वेळी चिखल घेऊन आला तर हलका कर. मग रीलच्या दोन गिरक्या, थांब, पडू दे, दोन गिरक्या. टीव्हीवर दाखवतात तशी रॉडची नाटकं बिलकुल नकोत.

बाराव्या-पंधराव्या फेकीला पडता पडताच घेतला. २६ इंच. हा लहान पडला, सोडला. न्यू जर्सीत २४ ते २८ च्या आतल्या माशासाठी वेगळं परमिट असतं, पण ते आधी अर्ज करून घ्यावं लागतं आणि त्याचा मोसम मे च्या मध्यावर सुरू होतो, आणि ह्याच्याकडे ते नव्हतंच. (साधं खाऱ्या पाण्यातलं गरवायला इथे लायसन्स नाही, फुकट नोंदणी आहे, ती मात्र होती. आणि खाडीचा पलीकडचा भाग न्यू यॉर्कचा, तिथली नोंदणी आणि मोसम वेगळा, वाहत जाताना राज्याची हद्द दिसत नाही.)

तिसरा मासा गेला. कयाकच्या कडेला आलेला असताना त्याने रॉड पार डोक्यामागे उभा केला, सगळा जोर टोकाच्या फूटभरावर आला, माशाने डोकं झटकलं आणि सुटला. रॉड तुटला नाही हे माझं नशीब, माझाच होता. जवळ आलेल्या माशाला रॉड उभा करायचा नसतो, हात लांब करून आडवा बाहेर न्यायचा आणि दुसऱ्या हाताने जाळी. जाळी आता रबरी घेतलीये त्याने, तिच्यात गळ अडकत नाही. पावणेदहाला वारं दक्षिणेचं झालं, आम्ही निघालो.

ह्याच्यात नशिबाचा भाग किती? आहेच. उधाण, भरती आणि सकाळ एकत्र आली, तशी त्याच्या आधीच्या चारपैकी दोन फेऱ्या भर दुपारी ओहोटीला होत्या. म्हणून सगळं श्रेय ट्यूबला देत नाही. पण त्या दिवशी त्याचा लुअर पावणेचार तासांतले तीन तास तरी पाण्यात योग्य खोलीवर होता. आधीच्या फेऱ्यांत, त्याच्याच सांगण्यावरून, निम्मा वेळ गाठी मारण्यात आणि लुअर बदलण्यात गेलेला.

तिसरा लुअर मे च्या मध्यावर बाहेर काढला, पाणी ६० च्या जवळ गेल्यावर आणि बंकर वर फुटायला लागल्यावर. सात इंची तरंगता स्पूक (पाण्याच्या वर डुलत चालणारा लांबट लुअर), तीन टोकांचे गळ काढून एकेरी लावलेला. उभं राहून चालवायला सोपा, बसून अवघड, कारण रॉडचं टोक खाली मारायला गेलं की कयाकच्या कडेवर आपटतं. टोक बाजूला, पाण्याला समांतर धरून मनगटाने छोटे छोटे टकटक मारायचे, तो डावा-उजवा डुलत येतो. आणि पाणी फुटल्याचा आवाज झाला की झटका द्यायचा नाही, हाताला वजन लागेपर्यंत थांबायचं. हे सांगायला सोपंय, मला स्वतःला दोन मोसम लागले. त्या दिवशी मी त्याच्यासोबत नव्हतो. त्याने फोनवर सांगितलं की पहिले चार त्याने झटक्यापायी घालवले, पाचवा बसला, २९ इंच.

तो घरी नेला. साफ करताना कातडी, पोटाची चरबी आणि कुशीची लाल पट्टी सगळी काढून टाकली, कारण ह्या खाडीच्या स्ट्राइपरमध्ये पीसीबी नावाचं विषारी रसायन असतं आणि ते चरबीत साठतं. लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी तो खाऊच नये असा राज्याचाच सल्ला आहे. त्याची मुलगी चार वर्षांची, आणि बायकोला तेव्हा पाचवा महिना. मग काय, त्या दोघींसाठी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून फ्रोझन पापलेट आणलं, आणि ह्याने एकट्याने रवा लावून स्ट्राइपरचे सहा तुकडे खाल्ले.